काळ्या खिडकीतली कमांड बटणावर आणताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक आणि स्मरणिका स्कॅन करून ठेवल्या आहेत. पॉपलर या पीडीएफ हाताळणाऱ्या संचातल्या पीडीएफटूपीपीएमने पानांची चित्रं काढायची आणि टेसरॅक्टने त्यांतला मराठी मजकूर ओळखायचा, एवढं तुम्ही टर्मिनलमध्ये नीट बसवलंत. पण वाचनालयातल्या ताई टर्मिनलच्या त्या काळ्या खिडकीला हात लावत नाहीत. म्हणून पायथनच्या टीकिंटरमध्ये एक छोटी खिडकी केलीत: फाइल निवडा, कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत ते सांगा, ‘सुरू करा’ दाबा. आता बटण दाबलं की खिडकी गोठते. शिवाय काही फाइली बिनतक्रार चालतात आणि काही चालतच नाहीत, त्याचं कारण सापडत नाही.

अशा खिडक्या मी बरीच वर्षं करून देतोय, छापखान्यांना, शाळांच्या ऑफिसांना, एक-दोन संग्रहांना. पहिली गोष्ट ही सांगतो की तुम्ही टेसरॅक्टचं काम स्वतः पायथनमध्ये परत लिहायला बसला नाहीत, हे फार बरं केलंत. टेसरॅक्टचं काम ह्युलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात झालं, २००५ मध्ये ते खुलं झालं, आणि आजही त्यावर काम चालू आहे. इतक्या वर्षांची मेहनत आयती मिळत असताना आपल्या खिडकीने दोनच कामं करायची. ताईंनी जे निवडलं ते काडीचाही बदल न करता प्रोग्रामपर्यंत पोचवायचं, आणि प्रोग्राम जे सांगतो ते तसंच्या तसं ताईंपर्यंत आणायचं. तुमच्या दोन्ही अडचणी याच दोन जागी आहेत. फाइली चालत नाहीत कारण जाताना निरोप बिघडतोय, आणि खिडकी गोठते कारण येणारा निरोप ऐकण्याची पद्धत चुकली आहे.

आधी फाइलींचं बघू. तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये कमांडचा एक लांबलचक मजकूर जोडला जातोय: प्रोग्रामचं नाव, मग अधिकचं चिन्ह, मग फाइलचं नाव, मग पुढचे पर्याय. आणि तो मजकूर शेल इक्वल्स ट्रू असं लिहून चालवलाय. म्हणजे तुमचा मजकूर आधी शेलच्या, म्हणजे कमांडी वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात जातो आणि शेल तो स्वतःच्या नियमांनी तोडतं. ‘दिवाळी १९७२.पीडीएफ’ या नावात मोकळी जागा आहे, म्हणून शेलला तिथे दोन फाइली दिसतात. ‘कथा & कविता.पीडीएफ’ मध्ये विंडोजचं शेल त्या चिन्हाशी थांबतं आणि पुढचा भाग वेगळी कमांड समजून चालवायला जातं. लिनक्सवर तर ते चिन्ह पहिला भाग मागे ढकलून देतं. एखाद्या फाइलच्या नावात अर्धविराम आणि त्यापुढे काही पुसून टाकणारी कमांड असली, तर तीही चालेल. वाचनालयात कुणी मुद्दाम असं करणार नाही, पण पेन ड्राइव्हवरून कुठल्या नावाच्या फाइली येतील याचा भरवसा देता येत नाही.

नावाभोवती अवतरणचिन्हं घालणं हा यावरचा उपाय नाही. नावातच अवतरणचिन्ह आलं की तेही मोडतं. उपाय हा की शेलला मधे घ्यायचंच नाही. कमांड मजकूर म्हणून न देता यादी म्हणून द्या, प्रत्येक तुकडा वेगळा:

[‘टेसरॅक्ट’, ‘००१.पीएनजी’, ‘००१’, ‘-एल’, ‘एमएआर’]

(इथे सगळं देवनागरीत लिहिलंय. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक. ‘एमएआर’ म्हणजे मराठी.) ही यादी दुसरे प्रोग्राम चालवणाऱ्या सबप्रोसेस मोड्यूलच्या पोपेनला द्या आणि शेलचा उल्लेखच काढून टाका. यादीतला एक घटक म्हणजे प्रोग्रामला मिळणारा एक अखंड तुकडा, म्हणजेच एक आर्ग्युमेंट, मग त्यात मोकळी जागा असो, अवतरण असो की आणखी काही. लिनक्सवर ते थेट प्रोग्रामच्या हातात पडतात. विंडोजवर पायथन त्यांची योग्य ती अवतरणं स्वतः घालून देतं. फक्त एक जपा: विंडोजवर .बॅट फाइल (कमांडी लिहिलेली फाइल) चालवलीत तर शेल न मागताही मधे येतंच. याच वाटेने घुसखोरी होऊ शकते म्हणून २०२४ मध्ये रस्ट भाषेला तातडीने दुरुस्ती काढावी लागली होती. तेव्हा मधली बॅट फाइल काढा आणि मूळ प्रोग्रामलाच हाक मारा.

एवढ्याने तुमच्या बहुतेक फाइली चालतील. पण मराठी नावांच्या आणखी दोन खोड्या आहेत, आणि त्या इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा सापडत नाहीत.

पहिली लांबीची. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या आजच्या रूढ पद्धतीत, ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं बसतात. ‘ग्रंथालय’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, पण त्यात आठ चिन्हं आहेत, म्हणजे २४ बाइट. वाचनालयातली माणसं मोठ्या आपुलकीने फाइलला अंकाचं नाव, संपादकांचं नाव, साल, वर्गणीदाराचं नाव असं सगळं देतात. मूळ नाव कसंबसं बसलेलं असतं. आपण त्याला ‘-पान-००१’ जोडलं की मर्यादा ओलांडते आणि प्रोग्राम फाइल बनवता येत नाही म्हणून थांबतो. म्हणून मधल्या सगळ्या फाइली एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ००१, ००२ अशा साध्या नावांनी बनवा. पायथनचं टेम्पफाइल मोड्यूल त्यासाठीच आहे. विंडोजवरच्या काही जुन्या प्रोग्रामांना देवनागरी पत्ते उघडता येत नाहीत, तो प्रश्नही यातच मिटतो: मूळ पीडीएफची प्रत त्या फोल्डरमध्ये साध्या नावाने आणायची, काम करायचं आणि शेवटचा मजकूर तेवढा मूळ नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा.

दुसरी खोडी ‘ऱ्य’मधल्या त्या अर्ध्या ‘र’ची. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त देतात, तर काही साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी नावं आहेत. फाइलचं नाव हाताने टाइप करायची चौकट ठेवलीत, तर एक दिवस ताई अगदी बरोबर नाव टाइप करतील आणि संगणक म्हणेल फाइल नाही. अशा वेळी माणूस स्वतःलाच दोष देतो, आणि ते मला फार वाईट वाटतं. म्हणून फाइल टाइप करायला लावूच नका. फाइलडायलॉगमधलं आस्कओपनफाइलनेम वापरा आणि तिथून जो पत्ता येईल तोच पुढे द्या.

पान क्रमांकांच्या चौकटीतही असंच काहीतरी दडलेलं आहे. एका संग्रहात हे मी डोळ्यांनी बघितलंय. तिथल्या काकूंनी मराठी कीबोर्ड चालू असताना ‘१२’ टाइप केलं. माझ्या कोडमध्ये तपासणी होती की चौकटीत फक्त आकडे आहेत का. पायथनच्या इझडिजिट या तपासणीला देवनागरी अंकही चालतात, म्हणून ती पार झाली. मग मी तोच मजकूर जसाच्या तसा पीडीएफटूपीपीएमला दिला, आणि त्याला ते आकडे ओळखता आले नाहीत. काकू सांगत होत्या की मी बाराच लिहिलंय, आणि त्यांचं बरोबर होतं. यावर उपाय एका ओळीचा आहे. चौकटीतला मजकूर आधी इंटमधून काढा. पायथनचं इंट ‘१२’ला बारा असंच वाचतं. तो आकडा परत मजकुरात बदला की इंग्रजी अंक मिळतात, आणि तेच पुढे द्या. मराठी अंक लिहू नका असं ताईंना सांगायची गरजच उरत नाही. त्याच जागी हेही तपासा की पहिलं पान शेवटच्या पानापेक्षा मोठं नाही ना. एकूण पानं पीडीएफइन्फो सांगतो, तो आकडा चौकटीशेजारीच दाखवा.

आता गोठण्याकडे. टीकिंटरची खिडकी मेनलूप नावाच्या एका फेऱ्यात फिरत असते. माउसची क्लिक घेणं, चौकट पुन्हा रंगवणं, खिडकी हलवणं हे सगळं तोच फेरा करतो. तुम्ही बटणाच्या फंक्शनमध्येच टेसरॅक्ट चालवून तो संपायची वाट बघताय, तेवढा वेळ फेरा थांबतो. पान एकच असेल तर दोन-चार सेकंद जातात, कुणाच्या लक्षात येत नाही. १६८ पानांचा अंक असला की विंडोज म्हणतं खिडकी प्रतिसाद देत नाही. ताई घाबरून ती बंद करतात आणि अर्धं झालेलं काम वाया जातं.

यासाठी काम वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच प्रोग्रामात समांतर चालणाऱ्या वाटेवर, न्या. बटणाचं फंक्शन फक्त थ्रेड सुरू करेल, बटण दाबता येणार नाही असं करेल आणि लगेच परत येईल. थ्रेडमध्ये पानापानाचा फेरा चालेल. इथे नवशिक्यांकडून हमखास एक चूक होते: थ्रेडमधूनच थेट लेबल बदलायचं, प्रगतीची पट्टी पुढे सरकवायची. कधी चालतं, कधी खिडकी कोलमडते, आणि का ते कळत नाही. खिडकीला हात लावायचा तो मुख्य थ्रेडनेच, हा नियम पाळा. थ्रेडने आपलं म्हणणं एका क्यूमध्ये, म्हणजे निरोपांच्या रांगेत, टाकावं: ‘पान ३७ झालं’, ‘पान ३८ मध्ये त्रुटी’. मुख्य थ्रेडने टीकिंटरचं आफ्टर (ठरावीक वेळाने फंक्शन चालवणारं) वापरून दर १०० मिलिसेकंदांनी क्यू बघावी, जे असेल ते पडद्यावर दाखवावं आणि पुन्हा आफ्टर लावून द्यावं. बारा-पंधरा ओळींचा हा सांगाडा एकदा नीट लिहिलात की पुढच्या प्रत्येक खिडकीला उपयोगी पडतो. मी तोच वर्षानुवर्षं वापरतोय.

पानापानाने चालवण्याचा आणखी एक फायदा आहे. टेसरॅक्ट आपण किती टक्के झालं ते सांगत नाही, पण तुम्हाला पानं माहीत असतात. ‘१६८ पैकी ३७ वं पान’ हे खोट्या टक्क्यांपेक्षा शंभर पटींनी चांगलं, कारण ताईंना त्यावरून चहाला जाऊन यायला वेळ आहे का ते कळतं. चित्रंही सगळी एकदम काढू नका. पीडीएफटूपीपीएमला पहिलं आणि शेवटचं पान तेच द्या, ३०० डीपीआयवर ते एक चित्र काढा, मजकूर ओळखा, चित्र पुसा. डिस्क भरत नाही, आणि मधेच थांबवलं तरी तोपर्यंतची पानं हातात असतात.

गोठण्याचं दुसरं कारण जास्त फसवं आहे. प्रोग्रामचं आउटपुट आणि एरर दोन्ही पाइपमध्ये, म्हणजे प्रोग्रामपासून तुमच्या कोडपर्यंतच्या नळीत, घेऊन तुम्ही वेट म्हणून थांबताय. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात. तेवढं भरलं की प्रोग्राम पुढचं लिहिण्यासाठी थांबतो, कुणीतरी वाचेल याची वाट बघत. तुमचा कोड प्रोग्राम संपायची वाट बघतोय, म्हणून वाचत नाही. दोघंही एकमेकांसाठी ताटकळतात आणि कुठलीही त्रुटी दिसत नाही. छोट्या अंकांवर सगळं चालतं, मोठ्या किंवा खराब स्कॅनवर, जिथे इशारे भरपूर येतात, तिथे अडकतं. वेटच्या जागी कम्युनिकेट वापरा, ते वाचत वाचत थांबतं. ओळ आली की लगेच दाखवायची असेल तर एरर आउटपुटमध्येच वळवा आणि एकच प्रवाह ओळीओळीने वाचा.

पुढे कधी एफएफएमपेग या आवाज-व्हिडिओच्या प्रोग्रामसाठी अशी खिडकी केलीत, तर ध्यानात ठेवा की तो आपली प्रगती एररच्या वाटेने पाठवतो आणि तीच ओळ पुसून पुन्हा लिहितो, त्यामुळे ओळीओळीने वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो. त्याला -प्रोग्रेस पर्याय देऊन प्रगती वेगळ्या, वाचायला सोप्या ओळींत मागता येते. आणि फाइल आधीच असेल तर तो ‘वर लिहू का’ असं विचारतो. खिडकीतून तो प्रश्न कुणाला दिसत नाही, उत्तर कुणी देत नाही. म्हणून कुठलाही प्रोग्राम चालवताना इनपुट डेव्हनलला (जिथून काहीच येत नाही अशा रिकाम्या जागेला) जोडून टाका, आणि असे प्रश्न आधी तुमच्या खिडकीने स्वतः मराठीत विचारावेत. पायथन कोडची थेट चालणारी फाइल करणाऱ्या पायइन्स्टॉलरने विंडोजसाठी काळ्या खिडकीशिवायची फाइल बनवणार असाल तर ते इनपुट जोडणं विसरू नकाच, नाहीतर हँडल चुकीचा असल्याची त्रुटी येते. प्रत्येक पानाला काळी खिडकी क्षणभर चमकून जाते, तिच्यासाठी क्रिएट नो विंडो हा ध्वज आहे.

मजकूर वाचताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) स्पष्टपणे यूटीएफ-८ लिहा आणि त्रुटींसाठी रिप्लेस. आपल्याकडच्या विंडोजवर पायथन बहुधा जुनं पाश्चात्त्य कोडपेज धरतं आणि मराठीच्या जागी ‘à¤’ असल्या चिन्हांची रांग लागते. दिसलं की लोक टेसरॅक्टला दोष देतात. तो बिचारा बरोबरच लिहीत असतो.

प्रोग्राम काय म्हणतो ते परत आणणं, हा भाग लोक सगळ्यात हलक्या हाताने करतात, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काम संपल्यावर एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम जाताना देतो तो आकडा, बघा. शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे नाही. पीडीएफटूपीपीएमचे कोड तर अर्थासकट ठरलेले आहेत: १ म्हणजे पीडीएफ उघडली नाही, २ म्हणजे लिहायची फाइल उघडली नाही, ३ म्हणजे पीडीएफवर परवानगीचं बंधन आहे, ९९ म्हणजे इतर काही. याची मराठी वाक्यं करून दाखवा: ‘ही पीडीएफ उघडत नाही, बहुधा स्कॅन करताना अर्धवट सेव्ह झाली आहे.’ लिनक्सवर पायथनला उणे ९ मिळालं तर कुणीतरी प्रोग्राम बळजबरीने थांबवलाय, आणि बऱ्याचदा ते मेमरी संपल्यामुळे असतं. ‘काहीतरी चुकलं’ एवढीच पाटी लावणं म्हणजे ताईंना वाऱ्यावर सोडणं.

मराठी वाक्याखाली एक लहान चौकट ठेवा. चालवलेली पूर्ण कमांड आणि प्रोग्रामचं मूळ इंग्रजी म्हणणं तिथे जसंच्या तसं दाखवा, शेजारी ‘कॉपी करा’ बटण. एके ठिकाणी दिसायला सुटसुटीत हवं म्हणून मी ती चौकट काढून टाकली होती. तिथून फोन आला की अंक होत नाहीये, आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. दोन तास एसटीने जाऊन बघितलं, तर मराठीची भाषा-फाइलच त्या मशिनवर नव्हती. टेसरॅक्टने ते पहिल्याच ओळीत सांगितलं होतं. डेबियन आणि उबुंटूवर ती वेगळ्या पॅकेजमध्ये येते. खिडकी उघडताच टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज चालवून ‘एमएआर’ आहे का ते तपासा, आणि नसेल तर सुरू करायचं बटण दाबूच देऊ नका.

थांबवायचं बटण हवंच. थ्रेडमध्ये दर पानाला एक झेंडा बघा, आणि चालू असलेल्या प्रोग्रामला टर्मिनेट करा. खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीलाही हेच जोडा, नाहीतर खिडकी जाते आणि मागे टेसरॅक्ट पंखा घरघरवत चालू राहतो. शेवटची मजकूर-फाइल लिहिताना आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावरच ओएस मोड्यूलच्या रिप्लेसने खऱ्या नावावर आणा. म्हणजे अर्धवट फाइल कुणाच्या हाती पूर्ण म्हणून लागणार नाही. आणि मूळ स्कॅनच्या फोल्डरमध्ये आपली खिडकी काही लिहीत नाही, हे पक्कं ठेवा. पिवळी पडलेली, कडा तुटलेली पानं पुन्हा स्कॅनरवर घालणं त्या पानांना सोसत नाही.

मशिन लिनक्सचं असेल आणि एवढा कोड नको वाटत असेल, तर शेल स्क्रिप्टमधून खिडक्या दाखवणारा झेनिटी बघा. एका ओळीत फाइल निवडायची खिडकी मिळते. प्रगतीच्या खिडकीला आकडे पाठवले की पट्टी सरकते आणि # ने सुरू होणारी ओळ पाठवली की वरचा मजकूर बदलतो. रद्द केलं तर एक्झिट कोड १ येतो. वीस ओळींच्या शेल स्क्रिप्टमध्ये तुमचं काम होईल. फक्त शेलमध्ये प्रत्येक व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरण घालायचं विसरायचं नाही. तुमच्याकडे दोन मशिन विंडोजची आहेत असं लिहिलंय, म्हणून मी टीकिंटरच सुचवतो. विंडोजवर तो पायथनबरोबरच येतो, आणि तो दोन्हीकडे चालतो.

डेस्कटॉपवर आयकॉन ठेवल्यावर ‘टर्मिनलमधून चालतं, आयकॉनवरून चालत नाही’ अशी तक्रार येईल. आयकॉनवरून सुरू झालेल्या प्रोग्रामचा पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी) आणि चालू फोल्डर वेगळे असू शकतात. श्यूटिलच्या विचने टेसरॅक्टचा पूर्ण पत्ता शोधा, नाही सापडला तर ताईंना कळेल असं सांगा, आणि सापेक्ष पत्ते कुठेच वापरू नका.

ताईंच्या हाती देण्याआधी एका फोल्डरमध्ये या फाइली करून ठेवा: नावात मोकळी जागा असलेली, & असलेली, उणे चिन्हाने सुरू होणारी, ऐंशी चिन्हांचं मराठी नाव असलेली, शून्य बाइटची पीडीएफ, आणि एक खरा दीडशे पानांचा अंक. प्रत्येक चालवून बघा, पान क्रमांक मराठी अंकांत द्या, आणि मोठा अंक तिसाव्या पानाच्या आसपास थांबवून मूळ फाइल आणि झालेली पानं जागेवर आहेत का ते तपासा. मग एक दिवस ताईंच्या शेजारी बसा. काही न सांगता त्यांना एक अंक करू द्या, आणि त्या जिथे थबकतील ती जागा लिहून घ्या.